शेडताईचे चार शब्द

गोष्ट एकच होती आणि शेडताईनं ती चार जणांना चार नावांनी सांगितली. मुद्दाम. वहीत ओळी आखून, तारखा घालून. नवऱ्याला एक शब्द, वहिनीला दुसरा, पातळमामांना तिसरा आणि साहेबांना चौथा. आता तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं होतं की काय! मुळीच नाही. बाई चांगली पक्की होती. तिचा फक्त कोणावर काडीचा विश्वास नव्हता, आणि का नव्हता ते ऐकलंत तर तुम्हीसुद्धा तिला लगेच नावं ठेवणार नाही.

शेडताई रंगाच्या कारखान्यात होती. गिऱ्हाईक पत्र्याचा नाहीतर लाकडाचा एक तुकडा पाठवायचं, अगदी असाच हिरवा हवा म्हणायचं, आणि ही तो तुकडा खिडकीपाशी धरून सांगायची, आपल्या रंगात काळा थेंबभर जास्त पडलाय, पिवळा कमी आहे. यंत्राचं उत्तर मागून यायचं आणि तेच निघायचं. रंगाची छटा, म्हणजे शेड, जुळवते म्हणून शेडताई. एकोणीस वर्षं ती हे काम एका लहानशा खोलीत बसून करत आली होती. खोलीला उत्तरेकडे खिडकी होती आणि एक दार होतं.

त्या दारावर तिचा जीव होता. दाराबाहेर डबे आपटायचे, रंग ढवळायच्या ढवळण्या घरघरायच्या, कोणीतरी रेडिओ लावायचं, कोणीतरी त्याच्यावर ओरडून बोलायचं. बाकीच्यांना त्याचं काही नसायचं. हिच्या मात्र ते अंगावर यायचं, अक्षरशः, दात शिवशिवायचे. दार लावलं की बाई माणसात यायची. आणि एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून मोठ्या कौतुकानं जाहीर केलं, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मधल्या सगळ्या भिंती पाडायच्या, एकच मोठा हॉल करायचा, म्हणजे सगळे कसे मिळूनमिसळून काम करतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेडताईनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

चार दिवस तिला अन्न गेलं नाही. शेवटी ती डॉक्टरकडे गेली, त्या डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, त्यांनी चार बैठका घेतल्या, लहानपणापासूनचं सगळं खोदून विचारलं आणि सहा पानांचा अहवाल हातात ठेवला. ऑटिझम. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! जन्मापासून आहे, म्हणाल्या, आजार नाही, फक्त आजवर कोणी नाव घेतलं नव्हतं. शेडताईला आधी हसू आलं आणि मग ती तिथेच खुर्चीत बसून रडली. सुटल्यासारखं वाटलं तिला, खरंच सांगते. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कोणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.” झालं! तिथूनच सगळं सुरू झालं.

कारण सांगणं भाग होतं. दार वाचवायचं तर साहेबांना काहीतरी कारण द्यायलाच हवं. पण उद्या कारखानाभर झालं, की शेडताईच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, तर साहेब तिच्या हातात शेड ठेवतील? दारही जायचं आणि कामही जायचं. शाळेत असताना तिनं एका जिवलग मैत्रिणीला सांगितलं होतं, की मी जिना चढताना मनात पायऱ्या मोजते. मधल्या सुट्टीपर्यंत अख्खा वर्ग तिच्या मागून मोठ्यानं पायऱ्या मोजत चढत होता. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता.

तर आता साहेबांना सांगायचं, आणि ज्या जवळच्यांना आज ना उद्या कळणारच त्यांनाही, पण फुटलं तर कोणी फोडलं ते कळलं पाहिजे. ही युक्ती तिला तिच्याच खोलीत सुचली. कारखान्यात रंगाची प्रत्येक बॅच निघाली की तिच्यातली एक लहान डबी भरून फळीवर ठेवतात, वर नंबर टाकून. वर्षानं कोणी ओरडत आलं, की तुमचा रंग उडाला, तर त्याच नंबरची डबी उघडायची आणि चूक कुठली ते बघायचं. शेडताई फळीकडे बघत बसली आणि म्हणाली, बरोबर. माणसांचंही असंच करायचं. ज्याला त्याला वेगळा शब्द द्यायचा. जो शब्द फिरून आपल्या कानावर येईल, त्याचा धनी चोर.

पहिला नवरा. तो शिंपी होता, घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. त्याला ती खरा शब्द सांगणार होती, कारण अहवाल घरातच होता आणि लपवायचा तरी कुठे? सकाळी तो मशीनला तेल घालत असताना तिनं सहा पानं त्याच्यापुढे ठेवली. त्यानं सावकाश वाचली, चष्मा काढला, पुसला.

“म्हणजे ते कॉलरमागची चिठ्ठी टोचते, ते यातच येतं का?” त्यानं विचारलं.

“येतं.”

“मग मी बावीस वर्षं चिठ्ठ्या उसवतोय ते बरोबरच करत होतो,” तो म्हणाला आणि परत तेल घालायला लागला.

एवढंच. शेडताईला वाटलं, इतकं सोपं? हा इतका शांत कसा? आधीपासून कोणाशी बोललाय की काय? तिनं वहीत लिहिलं: नवरा, ऑटिझम, सोमवार.

वहिनीला तिनं ‘स्वमग्नता’ दिली. वहिनी फोनवर खदखदून हसली. “स्वतःतच मग्न ना? अगं, हे आम्हाला तुझ्या दादाच्या लग्नातच कळलं होतं. सगळे फोटो काढत होते आणि तू पडद्याचे रंग बघत उभी!” शेडताईला हा शब्द आधीच आवडला नव्हता, आता मनातून साफ उतरला. ती कुठे स्वतःत मग्न होती? तिला तर जगातलं सगळं जरा जास्तच ऐकू येत होतं. पण वहीत ओळ भरली, मंगळवार.

तिसरे पातळमामा. हे तिच्या दाराबाहेरच्याच टेबलावर बसायचे आणि रंग किती घट्ट, किती पातळ ते मोजायचे. तळाला भोक असलेला एक कप, त्यात रंग भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायचे. मग कप थिनरनं, म्हणजे रंग पातळ करायच्या उग्र द्रावणानं, धुवायचा आणि पुन्हा भरायचा. सव्वीस वर्षं दिवसाला साठ-सत्तर वेळा. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला, सगळ्यांना अरेतुरे करणारा माणूस. त्यांना तिनं सांगितलं, “मामा, मला आवाजाची ॲलर्जी निघालीये.”

“आवाजाची? मग माझ्या बायकोजवळ दोन तास बैस, एक तर बरी होशील नाहीतर जाशील,” मामा म्हणाले. बुधवार.

गुरुवारी साहेब. साहेबांसाठी तिनं सगळ्यात वजनदार शब्द निवडला होता, आठ वेळा आरशासमोर म्हणून पाहिला होता. “साहेब, माझा मज्जासंस्थेशी संबंधित प्रकार आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्यामुळे मला बंद खोली लागते. माझी भिंत पाडू नका.”

साहेबांचा चेहरा एकदम पडला. ते आपले कागद चाळत होते, ते हातातच राहिले. “मज्जासंस्था म्हणजे... मेंदू वगैरे?”

“वगैरे नाही. मेंदूच.”

“कधीपासून?”

“नुकतंच कळलं.”

“नुकतंच,” साहेबांनी पुन्हा म्हटलं आणि ते लिहून घेतलं. मग उठून दार लोटलं, परत बसले आणि फार गोड आवाजात विचारलं, “ताई, तुमच्या घरात कोणी वकील आहे का हो?”

शेडताईच्या मनात पाल चुकचुकली. वकिलाचा इथे काय संबंध? “नवरा शिंपी आहे,” ती म्हणाली. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नाकवाला आला. हा कारखान्याचा सुरक्षेचा माणूस, हवेत विषारी वाफ किती ते मोजणारा. खोलीत शिरला की आधी हुंगायचा, म्हणून नाकवाला. तोंड उघडायचा ते जांभई द्यायलाच. त्यानं शेडताईच्या खोलीत एक लहानसा पंप आणि काचेची नळी लावली, एक मामांच्या टेबलाशी लावली, एक ढवळणीपाशी. “हे काय?” तिनं विचारलं. “रुटीन,” तो म्हणाला. एकोणीस वर्षांत तिनं असलं रुटीन पाहिलं नव्हतं. तिची थिनरची बाटली कोणीतरी उचलून नेली. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, की काही दिवस तुम्ही माल चढवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसा, डब्यांवरचे नंबर तपासा. तुमच्याच भल्यासाठी. तिथे हवा मोकळी आहे.

हवा मोकळी होती, हो! आणि दिवसभर लोखंडी पिंपं फरशीवरून गडगडत होती, ट्रक मागे येताना किंचाळत होते, माणसं एकमेकांना शिव्या देत होती. दार मागायला गेलेल्या बाईला त्यांनी बिनभिंतीच्या जागी नेऊन बसवलं! शेडताई कानात कापूस कोंबून बसायची आणि दातांवर दात रोवून नंबर तपासायची. घरी गेली की अंधाऱ्या खोलीत तासभर पडायची. आणि डोक्यात एकच भुंगा. साहेबांनी एवढं केलं म्हणजे कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन खरं सांगितलं असणार. कोणी फोडलं?

आता तिला सगळीकडे चोर दिसायला लागले. ती जेवणाच्या खोलीत शिरली की दोघं-तिघं गप्प व्हायचे. एकानं तिच्यासाठी खिडकी उघडली आणि विचित्र नजरेनं बघितलं. वहिनीचा उगाचच फोन आला, “झोप लागते ना गं?” का विचारलं तिनं? झोपेचं काय आहे तिला? आणि मामा तर साफ बदलले. नजर द्यायचे नाहीत. समोरून येताना दिसली तर वळून दुसऱ्या वाटेनं जायचे. त्यांचे आकडेही चुकायला लागले होते. डब्यांच्या कागदांवर तिला दिसत होतं, एकाच रंगाच्या एकाच बॅचला सकाळी बावीस सेकंद आणि दुपारी एकोणीस. मामांचा आकडा कधी चुकत नसे. मन खातंय, शेडताई म्हणाली. याच माणसानं कागाळी केली. त्याला माझी खिडकीची खोली हवी असणार, आता शेवटची दोन वर्षं आरामात काढायला.

त्यात एका संध्याकाळी ती घरी येते, तर नवऱ्याच्या दुकानासमोर साहेबांची गाडी! ती अर्धा तास कोपऱ्यावर थांबली. साहेब बाहेर आले, हातात कपडे नाहीत, पिशवी नाही, गाडीत बसून निघून गेले. ती तरातरा आत गेली.

“काय सांगितलंत त्यांना?”

“कोणाला? हां, ते. काही नाही.” नवरा खडूनं कापडावर रेघ ओढत होता.

“अर्धा तास बसून काही नाही?”

“कोट शिवायचा म्हणाले. मी माप घ्यायला टेप काढली, तर विचारतात, बाईंना हे कधीपासून आहे? लग्नाच्या वेळी बऱ्या होत्या ना? मी म्हटलं, तिचं तिला विचारा. मग ते कोटाबद्दल काही बोललेच नाहीत.” त्यानं खडू ठेवला. “माझं नावही आहे का गं तुझ्या त्या वहीत?”

वही त्यानं पाहिली होती तर. तो चिडला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. तो नुसता खाली बघत खडूचा चुरा कापडावरून झटकत राहिला.

पण साहेब ‘कधीपासून’ का विचारत होते? हे तिला काही केल्या कळेना.

ते कळलं दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. शेडमधली माणसं गेली होती, ट्रक थांबले होते, आणि ती कानातला कापूस काढत होती. तेवढ्यात पातळमामा आले. इकडे तिकडे बघत, चोरपावलांनी. समोरच्या पिंपाला टेकून उभे राहिले. चेहरा नुसता उतरलेला.

“शेडताई,” ते हळूच म्हणाले, “एक विचारू? तुला पहिलं काय झालं? हात, की डोळे, की आठवण जायला लागली?”

“कसलं पहिलं?”

“अगं, लपवू नकोस आता. मला सगळं कळलंय. थिनर मज्जासंस्थेत गेलंय ना तुझ्या?”

मज्जासंस्था! चौथी ओळ! शेडताईच्या अंगात एकदम वीज सळसळली. सापडला! साहेब! मामा नाही, नवरा नाही, वहिनी नाही, साहेब! “कोणी सांगितलं तुम्हाला?” तिनं विचारलं. तिचा आवाज आनंदानं जवळजवळ फाटला होता.

“नाकवाल्यानं विचारलं मला. बाईंना चक्कर यायची का, त्या विसरायच्या का. साहेबांनी त्याला लिहून दिलं होतं. मग मी विचार केला, तू दिवसभरात थिनर वापरतेस केवढं? वाटीभर. मी सव्वीस वर्षं त्यात कोपरापर्यंत आहे.” मामांनी उजवा हात पुढे केला. तळहात वर, बोटं पसरून. हात थरथरत होता. “हे बघ. आठ दिवस झोपलेलो नाही मी. बायकोला काही सांगितलेलं नाही. मुलीकडे जाऊन नातवाला भेटून आलो, म्हटलं, अजून ओळखतोय तोवर भेटून घ्यावं.”

शेडताईचा आनंद तिथल्या तिथे विरला. तिनं त्या हाताकडे बघितलं आणि तिला घाम फुटला. रंगाच्या कारखान्यात उभं राहून आपण मज्जासंस्था म्हणालो! नुकतंच कळलं म्हणालो! इथे कोणी दुसरं काय समजणार होतं? साहेबांना वाटलं, बाई आता वकील घेऊन येते. आणि या बिचाऱ्या म्हाताऱ्यानं स्वतःचं मरण बघितलं. खिडक्या उघडणारे, गप्प होणारे, सगळेच घाबरले होते. तिला नव्हे, आपापल्या डोक्याचं काय होणार त्याला.

“मामा, मला ऑटिझम आहे,” ती म्हणाली. “जन्मापासून. आईच्या पोटातून अशीच आले मी. मला आवाज सोसत नाहीत, रंग फार दिसतात, माणसं उशिरा कळतात. थिनरशी याचा काही संबंध नाही.”

“काही म्हणजे काहीच नाही?”

“काहीच नाही.”

मामा मटकन पिंपावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसायला लागले, की रडायला लागले, कळायला मार्ग नव्हता. मग एकदम भडकले. “मग मला ॲलर्जी का सांगितलीस? एकोणीस वर्षं तुझ्या दाराशी बसलोय! कोणी दार आपटलं तर आधी मी ओरडतो त्याच्यावर. मला काय चोर समजलीस?”

“हो,” शेडताई म्हणाली. कोणी सरळ विचारल्यावर तिला खोटं बोलता येत असतं तर ती आत्ता बोलली असती. “मी सगळ्यांनाच समजले होते. माझं चुकलं, मामा.”

“कमालीची बाई आहेस खरी,” मामा म्हणाले आणि नाक पुसलं. “जा आता, आधी त्या साहेबाला सांग. तो बघ काय काय करून बसलाय.”

ती तशीच साहेबांकडे गेली. कार्यालयाला काचेची भिंत होती, आतून सगळं दिसायचं. नाकवालाही तिथेच कोपऱ्यात बसला होता. शेडताईनं अहवाल टेबलावर ठेवला आणि तोच शब्द तसाच्या तसा सांगितला, जन्मापासून, थिनर नाही, काही नाही.

साहेबांनी सहाही पानं वाचली. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला, शेवटच्या पानावर तर ते चक्क हसले. “म्हणजे आमच्यामुळे नाही!”

“नाही.”

“वा! मग काही प्रश्नच नाही! कशाला हो एवढं घाबरवलंत?” त्यांनी हात चोळले. “मग आता भिंत...”

“भिंत हवीच आहे,” शेडताई म्हणाली. “तुमच्यामुळे नाही म्हणून ते गेलं असं होत नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातची एक शेड परत आली असेल तर फळीवरची डबी काढून दाखवा.”

साहेबांनी विचार केला. मग कागद ओढला आणि स्वतःच दोन ओळी लिहिल्या. “अगदी सोपं करू. यावर सही करा, तुमची भिंत राहिली, दार राहिलं, उद्यापासून आपल्या खोलीत बसा. आणि तो शब्द आपण कोणाला सांगायला नको. वैयक्तिक कारण, असं म्हणू. तुम्हालाही बरं, आम्हालाही बरं.”

शेडताईनं कागद वाचला. पहिली ओळ अशी, की माझ्या स्थितीचा कारखान्यातल्या हवेशी काही संबंध नाही. दुसरी अशी, की येथील हवेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तिनं पेन उचललं. दार! आता, या क्षणी, एका सहीवर! तिचा हात कागदावर टेकलासुद्धा.

आणि तिची नजर काचेपलीकडे गेली. मामा आपल्या टेबलावर परतले होते. जिवात जीव आला होता, शेजारच्याला काहीतरी सांगून हसत होते. त्यांनी भोकावर बोट धरून कप भरला आणि बोट काढलं. हात थरथरत होता. मघाशी थरथरत होता तसाच. भीती तर गेली होती, मग हात का थांबत नव्हता?

“ते आकडे कुठे आहेत?” शेडताईनं विचारलं.

“कसले आकडे?”

“नळ्या लावल्या होत्या ना. माझ्या खोलीत, मामांपाशी, ढवळणीपाशी. हवेत काय निघालं?”

साहेबांनी नाकवाल्याकडे बघितलं. नाकवाल्यानं जमिनीकडे बघितलं. “आता त्यांची काय गरज?” साहेब म्हणाले. “तुमचा प्रश्न तर मिटला.”

शेडताईला माणसं उशिरा कळतात हे तिनंच सांगितलं होतं. पण दोन रंग जुळत नाहीत हे तिला कोणाहीपेक्षा आधी कळायचं. तिनं दुसऱ्या ओळीवर सरळ काट मारली, पहिलीखाली सही केली आणि कागद परत सरकवला. “पहिली ओळ खरी आहे. दुसरी मी कशी लिहू? मी आकडे बघितलेच नाहीत.”

“अशी सही चालणार नाही, ताई.” साहेबांचा आवाज थंड झाला. “मग भिंतीचं मी काही सांगू शकत नाही.”

“नका सांगू,” ती म्हणाली आणि उठली. बाहेर येऊन ती जिन्यात बसली आणि मनसोक्त रडली, कारण ते दार तिला फार हवं होतं.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. “माझंही तुमच्या बाबतीत चुकलं,” ती शेवटी म्हणाली.

“ते बघू मग,” नवरा म्हणाला. “आधी उभी राहा. कानावरून घ्यायचं काहीतरी जाड शिवतो. हॉल झालाच तर लागेल.” आणि त्यानं टेप तिच्या डोक्याभोवती धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या खोलीत गेली, निदान आपल्या वस्तू तरी काढाव्यात म्हणून. भिंतीवर कोणीतरी पाडायची म्हणून खडूनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. ती फळीवरच्या डब्या पुसत होती, तेव्हा दारावर टकटक झाली. नाकवाला होता. त्यानं आत येऊन दार लोटलं. यावेळी हुंगलं नाही. खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

तीन ओळी होत्या. शेडताईची खोली, आकडा, ठीक. ढवळणी, आकडा, जेमतेम ठीक. मामांचं टेबल. तो आकडा बाकीच्या दोन्हींच्या बेरजेपेक्षाही मोठा होता आणि त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता.

“आज मामांना डॉक्टरकडे न्या,” नाकवाला म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं. “हा कागद दाखवा. डॉक्टरांना याची गरज लागेल.” तो वळला, दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबला. “ताई, मला घरी दोन लहान मुलं आहेत. साहेब विचारतील, हे बाहेर कोणी दिलं. ते सोडणार नाहीत. तुम्ही काय सांगणार?”

शेडताईची वही टेबलावरच पडली होती. चार ओळी भरलेल्या, पाचवी कोरी. तिनं ती वही उचलली, नाकवाल्यासमोर तिची पानं फाडली आणि थिनरच्या रिकाम्या डब्यात टाकली.

“सरळ विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही,” ती म्हणाली. “पण गप्प बसता येतं. जन्मभर तेच केलंय.”

नाकवाला गेला. तिनं कागद घडी घालून आत ठेवला, खोलीचं दार सताड उघडलं आणि बाहेरच्या गोंगाटात मामांना हाक मारली. “मामा, कप ठेवा खाली. हात धुऊन घ्या, पाण्यानं. आपल्याला बाहेर जायचंय.”